प्रोस्टेटच्या कर्करोगावर 'जीन सायलेन्सिंग'चा उपचार मिळतो का?

प्रश्न (दारव्हा, जि. यवतमाळ)
माझ्या वडिलांचा प्रोस्टेटचा कर्करोग हाडांत पसरला आहे. नागपूरला दर तीन महिन्यांनी हार्मोनचे इंजेक्शन चालू आहे. सुरुवातीला पीएसए (प्रोस्टेटमधून रक्तात येणारे प्रथिन, ज्यावरून रोगाचा अंदाज घेतात) झपाट्याने उतरला होता, आता तो पुन्हा चढू लागला आहे. अशातच ओळखीच्या एका गृहस्थांनी 'जीन सायलेन्सिंग'ने रोग मुळातून थांबतो असे सांगून आगाऊ रक्कम मागितली आहे. घरातला कापूस विकला तर रक्कम उभी राहील, परंतु हा उपचार खरोखर आहे का? आणि तो आपल्या बीटी कपाशीसारखाच प्रकार आहे का?

उत्तर (निवृत्त जीवशास्त्र शिक्षक, वर्धा)
बीटी कपाशीत बाहेरचे जनुक घातलेले असते. जीन सायलेन्सिंगमध्ये जनुक जसेच्या तसे राहते, मात्र त्यावरून प्रथिन बनवण्यासाठी निघालेला आरएनए, म्हणजे जनुकातील सूचनेची प्रत, पेशीतच तोडला जातो. अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी १९९८ मध्ये ही क्रिया एका सूक्ष्म कृमीत दाखवली आणि त्याबद्दल त्यांना २००६ चे नोबेल मिळाले. या तत्त्वावरील पहिले औषध, पॅटिसिरान, अमेरिकेत २०१८ मध्ये मंजूर झाले, पण ते एका दुर्मीळ आनुवंशिक आजारासाठी आहे.

उत्तर (कर्करोग विभागातील निवासी डॉक्टर, नागपूर)
सरांच्या उत्तराला जोडून सांगतो, कारण खरी अडचण औषध पोहोचवण्याची आहे. ही तोडफोड घडवण्यासाठी औषध म्हणून रक्तात सोडलेला छोटा आरएनए लवकर नष्ट होतो. जो टिकवता येतो तो प्रामुख्याने यकृतात जातो, म्हणून मंजूर झालेली अशी औषधे मुख्यतः यकृतात बनणाऱ्या प्रथिनांवरच चालतात. प्रोस्टेटच्या पेशींवरील पीएसएमए या प्रथिनाचा पत्ता धरून आरएनए तेथे नेण्याचे प्रयोग उंदरांत यशस्वी झाले आहेत. इंजेक्शनने टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) कमी करूनही जो अँड्रोजेन रिसेप्टर (पेशीत त्या हार्मोनचा संदेश घेणारे प्रथिन) कार्यरत राहतो, त्याचेच उत्पादन बंद पाडावे, ही कल्पना मला स्वतःला आशादायक वाटते. तथापि कर्करोगाच्या पेशींना तग धरायला मदत करणारे क्लस्टरिन हे प्रथिन रोखणारे कस्टिर्सेन, जे याच्याच जवळच्या तंत्राचे औषध होते, मोठ्या चाचणीत केमोथेरपीबरोबर देऊनही रुग्णांचे आयुष्य वाढवू शकले नाही. आज प्रोस्टेटसाठी मंजूर असे एकही जीन सायलेन्सिंग औषध नाही, तेव्हा कापूस त्यासाठी विकू नका. चाचणीत सहभागी होणाऱ्याकडून चाचणीच्या औषधाचे पैसे घेतले जात नाहीत आणि भारतातील चाचण्यांची नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदवहीच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. त्या गृहस्थांकडे नोंदणी क्रमांक मागा. इंजेक्शन बंद करू नका, पीएसए वाढत असला तरीही. टेस्टोस्टेरॉनची पातळी तपासून घ्या आणि अबिरॅटेरॉन (हार्मोन आणखी रोखणारी गोळी) किंवा डोसिटॅक्सेल (केमोथेरपीचे औषध) यांचा विचार करता येईल का, तसेच ते शासकीय योजनेत बसते का, हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारा.

प्रश्नकर्ता
आभारी आहे, डॉक्टरसाहेब. बाबांची कंबर आठवडाभरापासून रात्री फार दुखते. पुढच्या तारखेपर्यंत थांबले तर चालेल का?

उत्तर (निवासी डॉक्टर)
थांबू नका, उद्याच दाखवा. पायांतली ताकद कमी वाटली, मुंग्या आल्या किंवा लघवी अडली तर आज रात्रीच निघा; मणक्यातील गाठ मज्जारज्जूवर दाबत असल्यास उशिराने पाय कायमचे जाऊ शकतात.