हात उचलला की बोटं मिटतात, टेबलावर टेकवला की उघडतात. मदत हवी आहे

बाबांना (वय 66) पाच महिन्यांपूर्वी पक्षाघाताचा झटका आला, उजवी बाजू लुळी पडली. आता काठी घेऊन चालतात, बोलणंही बरंच सुधारलंय. अडलंय ते हातापाशी.

समोर पाण्याचं फुलपात्र ठेवलं की आधी खांदा वर चढतो, कोपर बाहेर जातं आणि हात निम्म्या वाटेवर असतानाच बोटं वळायला लागतात. फुलपात्राला शेवटी मिटलेली मूठच लागते. काल सगळं पाणी मांडीवर सांडलं. बाबा काही बोलले नाहीत, डाव्या हाताने उजवी बोटं एकेक करून सोडवत बसले.

पण हात कोपरापासून टेबलावर टेकवून फुलपात्र तळव्याजवळ सरकवलं, की तीच बोटं दोनेक इंच उघडतात आणि पकडही घट्ट बसते! मग हात उचलल्यावर असं काय होतं? शेजारचे काका म्हणतात, स्पंजचा चेंडू दाबायला द्या. देऊ का? फिजिओथेरपीची पुढची वेळ दहा दिवसांनी आहे.

प्रतिसाद:
ताई, टेबलाचा फरक तुम्ही अचूक टिपलात. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. एरवी आपण भांड्याकडे हात नेतो तेव्हा बोटं वाटेतच उघडतात, भांड्यापेक्षाही जास्त, आणि जवळ आल्यावर मिटत जातात. खांद्याला एक हुकूम, बोटांना दुसरा, असं मेंदू एकाच वेळी करू शकतो. पक्षाघाताने ते वेगळेपण जातं. खांदा उचलायला गेलं की कोपर, मनगट, बोटं सगळी त्याच्याबरोबर वळतात. याला आम्ही फ्लेक्सर सिनर्जी म्हणतो. हाताचं वजन जितकं पेलावं लागेल, तितकं हे आवळणं वाढतं. तुमच्याकडे ते वजन टेबलाने घेतलं.

चेंडू नकोच. मिटणं त्यांना येतंय, उघडणं अडलंय. टेबलावर पंचा अंथरा, त्यावर हात ठेवून रिकाम्या फुलपात्राकडे सरकवत न्यायला सांगा. पाठ खुर्चीला टेकलेली हवी, नाहीतर कमरेतून वाकून पोचतील आणि कोपर सरळ होणारच नाही. मनगट जरा खाली झुकलं की बोटं सैल पडतात, त्याचा उपयोग करा. बोटं जोर लावून उघडू नका, दंड धरून ओढू नका, खांदा दुखला तर लगेच थांबा.

मूळ धागाकर्ती:
मनापासून आभार. आज पंच्यावर सहा वेळा केलं. चौथ्या वेळी अंगठा आणि पहिलं बोट फुलपात्राच्या दोन्ही बाजूंना गेलं, बाबा माझ्याकडे बघतच राहिले! पण पकडायच्या क्षणी मनगट खालीच राहतं, म्हणून पकड सुटते. तेव्हा मी मनगटाला खालून आधार दिला तर चालेल का?