एक लाख कोटींचं संशोधन आणि संसदेच्या हाती एक ओळ?

हिशेबनीस (धागाकर्ता)
'संशोधन, विकास आणि नवोन्मेष' योजनेला, म्हणजे आरडीआयला, केंद्रीय मंत्रिमंडळानं १ जुलै २०२५ रोजी मंजुरी दिली. आकडा १ लाख कोटींचा. खासगी कंपन्यांनी संशोधनात पैसा घालावा म्हणून सरकार कमी व्याजाचं किंवा बिनव्याजी दीर्घ मुदतीचं कर्ज देणार, काही ठिकाणी भागभांडवलही. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात त्यापैकी २० हजार कोटींची तरतूद होती. हेतूबद्दल तक्रार नाही. जीडीपीच्या जेमतेम ०.६४ टक्के संशोधनावर घालणाऱ्या देशाला हे उशिराच सुचलं.

तक्रार पैशाच्या वाटेबद्दल आहे. केंद्र ५० वर्षांचं बिनव्याजी कर्ज अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन या संशोधनाला पैसा पुरवणाऱ्या सरकारी संस्थेच्या विशेष निधीला देणार, तिथून ते दुसऱ्या फळीतल्या निधी व्यवस्थापकांकडे जाणार आणि ते कंपन्या निवडणार. लोकसभा मत देते ते पहिल्या टप्प्यावर, विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाच्या खर्चाच्या मागणीतल्या एका ओळीवर. फाउंडेशनचे हिशेब कॅग, म्हणजे देशाचे महालेखापरीक्षक, तपासणार, अहवाल संसदेच्या पटलावर येणार. फाउंडेशनच्या २०२३ च्या कायद्यातच तसं आहे. पण तिसऱ्या टप्प्यावर कुणाला किती दिले, कोणत्या अटीवर, बुडाले किती, हे खासदारांच्या स्थायी समितीला मागता आलं पाहिजे.

प्रयोगवही
झालं! आता कंपन्यांनाही आम्हा सरकारी अनुदानावरच्या संशोधकांच्या रांगेत बसवा. अहो, मार्चअखेरीला आमच्याकडे काय चालतं ते या बघायला. उपकरणांच्या शीर्षाखाली पैसे शिल्लक आणि रसायनांचं शीर्ष कोरडं, पण इकडचे तिकडे करायचे तर वरून परवानगी. ती येईपर्यंत वर्ष संपतं. मग सरकारी वित्तीय नियमांतल्या जीएफआर १२-ए नमुन्यात पैसे कुठे खर्चले याचं उपयोगिता प्रमाणपत्र, त्यावर तीन सह्या, एक सही करणारे साहेब रजेवर. प्रमाणपत्र अडलं की पुढचा हप्ता अडला, आणि प्रकल्पावरच्या पोरांचं विद्यावेतनही. हिशेब रुपयापर्यंत जुळतो, संशोधनाचं काय झालं ते कुणी विचारत नाही. दहातले सात प्रकल्प फसणारच. फसलेल्या प्रत्येकावर लेखापरीक्षणाचा शेरा येणार असेल तर व्यवस्थापक पैसे खात्रीच्या जागीच देईल. मग सरकार हवंय कशाला, बँक आहेच की.

हिशेबनीस
@प्रयोगवही, तुमचा त्रास शंभर टक्के खरा, पण तो खात्याच्या कारकुनीचा आहे, संसदेचा नाही. 'का फसलं' हा प्रश्नच नको. 'कुणाला दिलं आणि निवडणाऱ्याचा त्यात हितसंबंध होता का' एवढंच सांगा.

मुलुंडचा मास्तर
संसदेवर फार भिस्त ठेवताय. २३ मार्च २०२३ ला लोकसभेनं सुमारे ४५ लाख कोटींचा अर्थसंकल्प चर्चेविना मंजूर केला, सगळ्या मागण्या एका फटक्यात मताला टाकून मोकळे, त्यालाच गिलोटिन म्हणतात! ज्यांना समोरचं वाचायला सवड नाही त्यांना तिसऱ्या टप्प्याचे कागद द्यायचे? रद्दीवाल्याची सोय.

सौ. तारतम्य
मास्तर, सभागृह आणि समिती एका मापानं मोजू नका. समित्यांचे अहवाल उघडून बघा, सचिवांना बरोब्बर नको ते विचारतात.

उदाहरण आपल्या पुण्याचंच घ्या. कोव्हॅक्सिन या कोविडच्या लसीसाठी विषाणूचा नमुना दिला एनआयव्ही या विषाणू संस्थेनं, म्हणजे आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेच्या संस्थेनं. लस बनवली भारत बायोटेकनं. आयसीएमआरला विक्रीवर ५ टक्के रॉयल्टी आहे, हे आपल्याला कळलं. त्यापोटी १७१ कोटी मिळाल्याचा आकडाही राज्यसभेतल्या उत्तरातून आला. पण मूळ करार? तो कधी आपल्यासमोर आला? पुढे २०२४ मध्ये निघालं की कंपनीनं पेटंटच्या अर्जात आयसीएमआरला सहमालक दाखवलंच नव्हतं. अनवधानानं राहिलं म्हणाले, दुरुस्ती केली. मान्य करू अनवधान. पण करार आधी समितीच्या टेबलावर असता तर ही चूक चार वर्षं तशीच राहिली असती का?

प्रयोगवही
@सौ. तारतम्य, त्याच कराराची दुसरी बाजू बघा ना. महासाथीत तो आधी समितीपुढे गेला असता तर लस कधी आली असती?

सौ. तारतम्य
आधी परवानगी घ्या असं कुठं म्हटलं? सही करा, काम सुरू करा, आणि प्रत पाठवा.

कायद्याचं बोला
कुणी कायद्याकडे बघतंय का? २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की खासगी दूरसंचार कंपन्यांचे हिशेब कॅग तपासू शकतो, कारण महसुलात सरकारचा वाटा आहे. पुढच्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयानं तिथल्या वीज वितरण कंपन्यांचं कॅग लेखापरीक्षण रद्द केलं, आणि त्यांत तर दिल्ली सरकारचं ४९ टक्के भागभांडवल! तेव्हा 'पैसा सरकारी म्हणजे कॅग येणारच' हे गृहीत धरू नका. कर्जाच्या करारातच कलम घाला, नाहीतर दहा वर्षं कोर्टात जातील.

मुलुंडचा मास्तर
हे पटलं. कलम असेल तर माझा विरोध निम्मा.

प्रयोगवही
माझा नाही. परतफेडीची स्थिती जाहीर झाली की थकलेल्या कंपनीला पुढचा गुंतवणूकदार दारात उभा करणार नाही. नावं आणि रकमा द्या, परतफेड तीन वर्षांनी. मग सही करतो.

हिशेबनीस
तीन वर्षांत लोकसभा बदलायची वेळ येते, समिती दरवर्षी नव्यानं बसते. एक वर्ष.

प्रयोगवही
दोन. आणि सूत्रं, नमुने, चाचण्यांचे आकडे यांना हात लावायचा नाही.