मदत हवी आहे : आजोबांच्या पितळी तेलबाटलीवरचा ठसा कुणाचा?

नमस्कार मंडळी,
भगूरचं घर आवरताना देवघराच्या फडताळात मधल्या बोटाएवढी पितळी बाटली सापडली. आजी समईत तेल घालायला तीच घ्यायची. फिरकीचं झाकण, आत चामड्याची चकती आणि झाकणालाच जोडलेला लांब दांड्याचा इवलासा चमचा. लहानपणी कान दुखला की त्याच चमच्यातून कोमट तेल कानात पडायचं, म्हणून ही औषधाची बाटली अशीच माझी समजूत. परवा शेजारच्या फौजी काकांनी बघताक्षणी सांगितलं, "अहो, ही थ्री नॉट थ्री रायफलीच्या दस्त्यात ठेवायची तेलबाटली!"

आजोबा १९४० च्या दशकात देवळाली कॅम्पात फिटर होते, तेव्हा आली कुठून ते उघड आहे. ठशात कोंबडीच्या पायासारखा बाण, खाली उभी रेघ, बाजूला दोन अक्षरं. ती वाचता येत नाहीत. आजीने दर दिवाळीला चिंच-राखेने घासलीये. तांबट गल्लीत दाखवली तर म्हणे, "ठेवून जा, उजळून देतो." मी त्याच्या हातातून काढूनच घेतली.

कारखाना कोणता, बंगालमधलं ईशापूर की विलायती? दुसरा प्रश्न आईचा : मामंजींनी सरकारी वस्तू उचलून तर नाही ना आणली?

जुनंलोखंड :
बाण आणि कारखाना यांची गल्लत करू नका. बाण ही मालकीची खूण. नुसता असेल तर ब्रिटिश सरकारचा. खालची रेघ बहुधा इंग्रजी 'आय' आहे, म्हणजे हिंदुस्थान सरकारचा माल. बनवणारा शेजारच्या अक्षरांत शोधा. अख्ख्या रायफलीचं सोपं असतं : बोल्टच्या दांडीमागे उजवीकडे मुकुट, कारखाना आणि साल. इंग्लंडातले एनफिल्ड आणि बीएसए, आपलं ईशापूर, ऑस्ट्रेलियातलं लिथगो. सुट्या भागांवर एखादं अक्षरच, त्यात दुरुस्तीत भाग बदललेले, त्यामुळे एकाच रायफलीत दोन-तीन कारखाने नांदतात.
चिंच बंद! टाल्कम पावडर चोळा, अंधारात टॉर्च आडवा धरून फोटो काढा.
आईंना सांगा, सरकारने विकून टाकलेल्या रायफलींवर दोन बाण टोकाला टोक भिडवून मारत. बाटलीवर दुसरा बाण दिसतोय का बघा.

धागाकर्ता :
पावडर लावली. रेघेला वर-खाली मिश्या आहेत, म्हणजे 'आय'च. पहिलं अक्षर 'आर' किंवा 'के', दुसरं आजीच्या चिंचेत गेलं. बाण एकच आहे. आईला सांगितलं, ठसा फार झिजलाय, काही कळत नाही.