प्रादेशिक गुंतवणूक अनुदानांच्या छाननीत सल्लागार मंडळाचा उपयोग काय?

प्रश्न : ब्रिटनमध्ये मागास भागांतील गुंतवणुकीसाठी कंपन्यांना सरकारी अनुदान दिले जाते आणि मोठे अर्ज उद्योगक्षेत्रातील अनुभवी व्यक्तींच्या सल्लागार मंडळापुढे ठेवले जातात. खात्याचे अधिकारी छाननी करतच असतात. मग मंडळामुळे नेमकी भर कोणती पडते? ही केवळ औपचारिकता तर नाही ना?

उत्तर १ : या औद्योगिक विकास सल्लागार मंडळाला कायद्याचा आधार आहे. १९७२ च्या उद्योग कायद्याने ते अस्तित्वात आले आणि आज १९८२ च्या औद्योगिक विकास कायद्याच्या कलम १० मध्ये त्याची तरतूद आहे. अध्यक्षांखेरीज सहा ते बारा सदस्य असावेत आणि त्यांत उद्योग, बँकिंग, लेखा व वित्त या क्षेत्रांतील जाणकार असावेत, असे ते कलम सांगते. अंतिम निर्णय मंत्र्यांचाच असतो. परंतु मंडळाकडे स्वतःच मागितलेल्या शिफारशीच्या विरुद्ध मंत्र्यांनी निर्णय घेतला आणि मंडळाने तशी मागणी केली, तर त्याविषयीचे निवेदन संसदेपुढे ठेवणे मंत्र्यांना बंधनकारक ठरते. ही तरतूद क्वचित वापरली गेली तरी तिचा धाक राहतो.

उत्तर २ : कायद्याइतकाच महत्त्वाचा भाग प्रश्न विचारण्याचा आहे. अनुदान मिळाले नाही तर प्रकल्प होणार नाही किंवा दुसऱ्या देशात जाईल, असे प्रत्येक अर्जदार लिहितो आणि हा दावा कागदांवरून पडताळणे अत्यंत अवघड असते. ज्याने स्वतः कारखाना उभारला आहे, तो जागेचा व्यवहार कोणत्या टप्प्यावर आहे, यंत्रांची मागणी नोंदवली गेली आहे का, बँकेने कोणत्या अटींवर कर्ज मान्य केले आहे, हे विचारतो. आणि निर्णय आधीच झालेला असेल, तर तो या उत्तरांतून बहुधा उघड होतो. दुसरा प्रश्न विस्थापनाचा : अनुदानित कंपनीने शेजारच्या विनाअनुदानित कंपनीचे ग्राहक ओढले, तर एकीकडे वाढलेल्या नोकऱ्या दुसरीकडे घटतात. बाजारपेठ वाढती आहे की साचलेली, हे त्या व्यवसायातील माणसाला लवकर कळते. मागितलेल्या रकमेपेक्षा कमी रक्कम पुरेशी आहे, असा सल्ला देणे हेही मंडळाचे मोलाचे काम आहे, असे मला वाटते.

उत्तर ३ : वरील मताशी मी अंशतः असहमत आहे. अनुभवी उद्योजक आपल्या काळातील व्यवसायाच्या चौकटीतून पाहतो, त्यामुळे नव्या तंत्रज्ञानाचा अर्ज त्याला अकारण धोकादायक वाटू शकतो. हितसंबंधांचा प्रश्नही आहेच, कारण क्षेत्राची जाण आणि त्या क्षेत्रातील ओळखी बरोबरच येतात. सदस्याने संबंध जाहीर करून त्या चर्चेतून बाहेर राहणे ही किमान अट आहे. शिवाय रचनेनेही फरक पडतो. २०१० मध्ये इंग्लंडसाठी जाहीर झालेल्या प्रादेशिक वाढ निधीत माजी उपपंतप्रधान लॉर्ड हेसेल्टाइन यांच्या अध्यक्षतेखालील स्वतंत्र समिती फेरीनुसार आलेल्या प्रस्तावांवर सल्ला देत असे. अशा स्पर्धेत प्रस्ताव एकमेकांशी ताडले जातात आणि नोकऱ्यांचे मोठे आकडे लिहिणारा पुढे जाण्याचा धोका वाढतो.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. स्कॉटलंड आणि वेल्ससाठी हेच मंडळ काम करते का?

उत्तर १ : नाही. त्या दोन्ही ठिकाणी स्वतंत्र औद्योगिक विकास सल्लागार मंडळे आहेत आणि ती तेथील सरकारांना सल्ला देतात.