सलामीवर पांढरी बुरशी धरत नाही, उलट हिरवे डाग आले आहेत

द्राक्षबाग_तासगाव

नमस्कार. आमची तासगाव तालुक्यात द्राक्षबाग आहे. गावी परतण्यापूर्वी सहा वर्षे मी प्रवासी जहाजाच्या स्वयंपाकघरात नोकरी केली आणि सलामी (आतड्यात मांस भरून, आंबवून सुकवलेला इटालियन प्रकार) भरण्याचे काम तिथेच एका इटालियन आचाऱ्याच्या हाताखाली शिकलो. या हिवाळ्यात प्रथमच घरी प्रयत्न केला आहे. डुकराचे मांस उणे 18 अंशांवर तीन आठवडे गोठवून ठेवले होते. किलोमागे एकूण 28 ग्रॅम मीठ घातले, त्यातले अडीच ग्रॅम क्युअर क्रमांक 2 (नायट्राइट आणि नायट्रेट मिसळलेले मीठ) होते, आणि आंबवण्याचे विरजणही घातले. नैसर्गिक आतड्यांत एकूण सहा नग भरले.

पांढऱ्या बुरशीची पूड नळाच्या पाण्यात कालवली, अर्ध्या तासाने बागेतल्या छोट्या हातपंपाने (तीन वेळा साबणाने धुऊन) सर्व नगांवर फवारली, दोन दिवस 22 अंशांवर ठेवले आणि मग तापमान-नियंत्रक बसवलेल्या जुन्या फ्रिजमध्ये 13 अंशांवर टांगले. आत आर्द्रता 62 टक्के दिसते. आज आठवा दिवस आहे. पांढरे काहीच आलेले नाही, मात्र तीन नगांवर रुपयाएवढे हिरवे डाग पडले आहेत. हे डाग व्हिनेगरने पुसून पुन्हा फवारणी करावी का? शिवाय आईचा प्रश्न असा आहे की बुरशी आलेले अन्न आपण टाकून देतो, मग इथे ती मुद्दाम का लावायची? तिला समाधानकारक उत्तर देता आले नाही.

मिरज_सूक्ष्मजीवशास्त्र

आपल्या आईंचा प्रश्न रास्त आहे, म्हणून त्यापासूनच सुरुवात करते. दूध उघडे ठेवले तर ते नासते, पण चांगले विरजण लावले तर त्याचेच दही होते, कारण जागा आधी कोणी धरली यावर पुढचे सारे ठरते. सलामीचेही तसेच आहे. ओलसर आतड्यावर बुरशी येणारच. ती कोणती असावी, एवढेच आपल्या हाती असते. हवेतून आपसूक येणाऱ्या काही हिरव्या आणि काळ्या बुरश्या ऑक्राटॉक्सिनसारखी विषे तयार करू शकतात आणि नुसत्या डोळ्यांनी त्यांतली निरुपद्रवी कोणती हे ओळखता येत नाही. आपण आणलेली पूड बहुधा पेनिसिलियम नॅल्जिओव्हेन्से या जातीची असेल. चेक प्रदेशातील नाल्झोव्ही गावाच्या चीजवर ती आढळली आणि 1932 मध्ये तिचे वर्णन झाले, त्यावरून हे नाव पडले. ती आवरण व्यापते तेव्हा बाकीच्यांना जागा उरत नाही, उजेड आणि प्राणवायू अडल्यामुळे चरबी खवट होत नाही, पाणी सावकाश निघते आणि ती आम्ल खात असल्यामुळे चवीतला तिखट आंबटपणाही उतरतो.

एक गोष्ट मात्र ठामपणे सांगते. ही बुरशी बाहेरची राखण करते, आतली नाही. आतल्या बोट्युलिझमच्या (जीवघेण्या अन्नविषबाधेच्या) जंतूला रोखण्याचे काम नायट्राइट, मीठ, आंबवण्याने 5.3 च्या खाली गेलेला सामू (पीएच) आणि पुढचे सुकणे हेच करतात; वरून शुभ्र दिसणारी सलामी आतून सुरक्षित असेलच, असे मुळीच नाही. तसेच या जातीचे अनेक वाण पेनिसिलिन तयार करतात, त्यामुळे ज्यांना त्याची अ‍ॅलर्जी आहे अशांना ही सलामी देऊ नये.

आपल्या नगांविषयी म्हणाल तर मला दोन चुका दिसतात. नळाच्या पाण्यातील क्लोरीन बीजाणूंना मारक ठरते. पाणी उकळून गार करावे आणि पूड त्यात सुमारे बारा तास साधारण तापमानाला भिजू द्यावी. दुसरे म्हणजे 62 टक्के आर्द्रता फार कमी आहे. पहिले दोन-तीन दिवस 85 ते 90 आणि त्यानंतर 75 ते 80 टक्के हवी, अन्यथा वरची साल आवळून कडक होते आणि आतले पाणी आतच कोंडते. डाग व्हिनेगरच्या फडक्याने पुसून पुन्हा फवारणी करून पाहावी.

वाई_पाचवा_हिवाळा

ताई, आपले बाकी सर्व पटले, पण पुन्हा फवारणी करण्याआधी त्या हातपंपाकडे पाहायला हवे. दादा, बागेत भुरीसाठी (द्राक्षावरच्या बुरशीच्या रोगासाठी) आपण याच पंपाने बुरशीनाशक मारता का? तसे असेल तर साबणाने तीनदा धुऊनही भागत नाही, कारण औषध नोझलमध्ये, रबरी वायसरमध्ये आणि प्लास्टिकच्या टाकीत मुरलेले राहते. जे औषध भुरी मारण्यासाठीच बनवले आहे, ते आपल्या पांढऱ्या बुरशीलाही सोडणार नाही. पण त्याहून गंभीर बाब अशी की ते औषध आता आतड्यावर बसलेले असू शकते. व्हिनेगरने हिरवी बुरशी निघेल, औषध निघेल याची खात्री कोण देणार? माझ्या मते हे सहाही नग खाण्यात येऊ नयेत.

आर्द्रतेसाठी सोपा उपाय आहे. पसरट ताटात मीठ घेऊन त्याचा थोडा भाग न विरघळता तळाशी राहील इतकेच पाणी घालावे. बंद जागेत असे पाणी आर्द्रता 75 टक्क्यांच्या आसपास धरून ठेवते. सुरुवातीच्या दिवसांत मात्र साध्या पाण्याचे ताट ठेवावे. आणि बेदाण्याच्या शेडजवळ टांगायचा विचार असेल तर तो सोडून द्यावा, कारण गंधकाच्या धुरीत ही बुरशी तग धरत नाही.

मिरज_सूक्ष्मजीवशास्त्र

पंपाचा उल्लेख मी वाचला, पण त्याचा अर्थ माझ्या ध्यानात आला नाही. वाईकरांचे म्हणणे बरोबर आहे आणि पुसून फवारण्याचा माझा सल्ला मी मागे घेते. कृपया हे नग टाकून द्यावेत आणि ते कुत्र्या-मांजरांच्या तोंडी लागणार नाहीत असे पाहावे.

द्राक्षबाग_तासगाव

दोघांचेही आभार. पंप भुरीच्या औषधाचाच होता. सहाही नग खोल खड्ड्यात पुरले. चार किलो मांसाचे वाईट वाटले, पण जे घरच्यांना वाढता येणार नाही ते ठेवून काय करणार?

दुसरी खेप आता एकतिसाव्या दिवशी आहे. या वेळी कोरी फवारणीची बाटली घेतली, उकळून गार केलेल्या पाण्यात पूड रात्रभर भिजवली आणि फ्रिजमध्ये मिठाचे ताट ठेवले. आर्द्रता 76 ते 78 राहते. चौथ्या दिवशी विजेरी तिरपी धरली तेव्हा दोऱ्याच्या गाठीपाशी बारीक लव दिसली आणि आठव्या दिवशी सगळे नग पांढरे झाले. द्राक्षाच्या पानावरची भुरी राखेसारखी बोटाला लागते, तशी ही नाही. ती मऊ आणि दाट आहे आणि तिला ताज्या अळिंबीचा वास येतो. तो वास घेतल्यावर आईने नाक मुरडले नाही. सर्वांत मोठा नग भरताना 612 ग्रॅम होता, आज 416 भरला, म्हणजे 32 टक्के घट झाली. 35 टक्के घट होईपर्यंत, म्हणजे तो 398 ग्रॅमवर येईपर्यंत, त्याला सुरी लावणार नाही.