हामसुनचं म्हातारपण हे कारण पटत नाही

'क्नूट हामसुनला म्हातारपणात भ्रम झाला होता, ऐकूही येत नव्हतं, म्हणून नाझींच्या नादी लागला' असं या नोबेलविजेत्या नॉर्वेजियन कादंबरीकाराबद्दल म्हटलं जातं, ते मला पटत नाही. ऐकू येत नव्हतं हे खरं. १९४५ नंतर, नाझींना साथ दिल्याबद्दल अटक झाल्यावर, मनोविकारतज्ज्ञांनी 'मानसिक क्षमता कायमची क्षीण' असा शेरा दिला, हेही खरं. पण त्यानंतर, १९४९ मध्ये, नव्वदीच्या या माणसाने नजरकैद, इस्पितळ आणि खटला यांवर पुस्तक लिहिलं. मी ते इंग्रजी अनुवादात वाचलंय. वाक्यं इतकी नितळ आणि नेमकी आहेत की तो शेरा टिकत नाही. आणि त्या पुस्तकात पश्चात्ताप शोधूनही सापडत नाही, याचा मला फार त्रास झाला.

शिवाय हे काही १९४० साली, जर्मनीने नॉर्वे व्यापल्यावर, अचानक सुरू झालं नव्हतं. पहिल्या महायुद्धातही तो जर्मनीच्याच बाजूने होता. १९३५ मध्ये जर्मन शांततावादी पत्रकार कार्ल फॉन ओसिएत्स्की नाझींच्या छळछावणीत होता आणि त्याला शांततेचं नोबेल मिळावं अशी मागणी चालू होती, तेव्हा हामसुनने वर्तमानपत्रात या कैद्यावरच टीका केली. नॉर्वेतल्या लेखकांनी तेव्हाच जाहीर निषेध केला होता. स्वतःचं नोबेल पदक नाझी प्रचारमंत्री गोबेल्सला दिलं ते पुढे १९४३ मध्ये.

हामसुनची 'भूक' माझी अत्यंत आवडती कादंबरी आहे. पुन्हा वाचेन. पण उपाशी माणसाचं मन इतकं जाणणाऱ्याला छावणीतला माणूस दिसला नाही, आणि याचा दोष मी वयाला देणार नाही.