दोन इंचांत बसणारा शब्द हवाय: ‘बर्ड फीडर’ला काय म्हणावं? आणि राघू की पोपट?

परसदार
भाच्याने अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत छोटा धंदा टाकलाय. चार इंची पीव्हीसी पाइपाचा दीड फुटाचा तुकडा, वर झाकण, खाली स्टीलची ताटली, बसायला दोन लाकडी दांड्या. झाला बर्ड फीडर. खोक्यावरच्या चिठ्ठीला मराठी नाव हवंय आणि मामी शाळेत मराठी शिकवायची म्हणून काम माझ्या गळ्यात. जागा दोन इंच. मी ‘पक्षी-खाद्यपात्र’ लिहून दिलं. भाचा म्हणाला, “मामी, हे दवाखान्यात खाटेखाली ठेवायचं काहीतरी वाटतंय.”

चिठ्ठीवर पोपटाचं चित्र आहे, कारण पहिला नमुना आमच्याच परसात शेवग्याला टांगलाय आणि त्यावर रोज पोपट येतात. चित्राखाली मी लिहिलं, ‘राघू आले दारी’. तर छापखानेवाला म्हणे, राघू म्हणजे पिंजऱ्यातला, बोलणारा. झाडावर येतो तो पोपट. साठ वर्षांत हा भेद मी ऐकला नव्हता. माझी आई पिंजऱ्यातल्याला राघू म्हणायची, चिंचेवरच्याला राघू म्हणायची आणि पाळण्यावरच्या चिमणाळ्यातल्या कापडी पाखरालाही राघूच. कोण बरोबर? पण आधी फीडरचं बघा, सोमवारी छपाई आहे.

कडक भाकरी
बर्ड फीडरला बर्ड फीडर म्हणा. मिक्सरला काय म्हणता घरी?

शुद्धलेखनकार
मिक्सर बाहेरून आला, त्याचं नावही सोबत आलं. पाखरांना दाणे घालणं बाहेरून आलेलं नाही. ‘पाणपोई’ आपल्याकडे आहेच. त्याच चालीवर ‘दाणापोई’ करा. पाच अक्षरंही नाहीत, दोन इंचांत आरामात बसेल.

अण्णा बाळीवेस
कानाला गोड आहे, पण पोई म्हणजे मूळचं ‘प्रपा’, पाणी पाजायची जागा. पाणपोईत पाणी आधीच दोनदा आलंय, ते रुळलं म्हणून चाललं. दाणापोई म्हणजे दाण्यांचं पाणी पाजणार का? आणि हे शुद्धलेखनकारांनी सुचवावं!

शुद्धलेखनकार
अण्णा, पोईचा मूळ अर्थ आज किती जणांच्या मनात असतो? अर्थ पुसला गेला की प्रत्यय मोकळा होतो.

कडक भाकरी
म्हणजे तुमचा शब्द असला की वापर मोठा आणि आमचा असला की व्युत्पत्ती. बरंय.

सात रस्ता
‘दाणी’ लावा की. फुलदाणी, अत्तरदाणी, पिकदाणी. दाण्यांची दाणी ती दाणादाणी.

मुनिया काठ
आणि पोपट आले की दाणादाण!

परसदार
मुनियाताई, तुम्ही चेष्टेत म्हणालात पण होतं अगदी तस्संच. आधी महिनाभर नुसत्या चिमण्या यायच्या, मग साळुंक्या. संक्रांतीच्या आसपास एका सकाळी किर्र-किर्र ओरडत तीन पोपट शेवग्यावर उतरले. दांडीवर नीट बसेल तर शपथ. एक नळीला उलटा लटकला, खाली डोकं वर शेपूट. चोचीने सूर्यफुलाची बी काढायची, जिभेने फिरवायची, टरफल सोडायचं. पाचातली दोन पोटात, तीन जमिनीवर. शेंग ठेवली तर एका पायावर उभा राहून दुसऱ्या पायात शेंग धरतो, आपण मक्याचं कणीस धरतो तशी, आणि टोकाकडून फोडतो. मी खिडकीच्या जाळीपाशी चहा घेऊन उभी असते. आतापर्यंत एका दांडीचा भुसा झालाय, भाच्याने आता लोखंडी बसवलीय. खाली सांडलेलं खायला पारवे आणि खारी. तेव्हा दाणादाणी हे नाव वस्तूला नाही, प्रसंगाला शोभतं.

शुद्धलेखनकार
‘दाणी’ हा फारसी ‘दान’ आहे, एवढंच नोंदवतो.

अण्णा बाळीवेस
आणि ‘दाणा’? फारसीत ‘दाना’, संस्कृतात ‘धाना’. दोघं चुलतभाऊ. त्यांना आता वाटणीला बसवू नका.

मंगळवेढेकर
गंमत वाटते तुमची. आम्ही पोरं असताना हुरड्याच्या दिवसांत शाळा बुडवून मचाणावर बसायचो. हातात गोफण आणि पायाशी खड्यांचा ढीग. ज्वारी दाण्यात आली की पोपटांचा थवा असा उतरतो की पान कुठलं आणि पाखरू कुठलं कळत नाही. कणसाच्या शेंड्यावर बसतो, ताट वाकतं, चार दाणे खातो, कणीस तोडून खाली टाकतो, दुसऱ्यावर जातो. त्यांना हाकायला घसा फुटायचा. आणि तुम्ही शहरात पैसे देऊन बोलावता!
शब्दाचं म्हणाल तर चारा. पाखरांना घालतात तो चारा. ‘चारापात्र’ म्हणा आणि मोकळे व्हा.

कडक भाकरी
चारा म्हटलं की मला सांगोल्याकडच्या चारा छावण्याच दिसतात. पोपटाच्या कानात बिल्ला मारणार का?

मंगळवेढेकर
चिमणी पिलांसाठी काय आणते? चारा. शहरात गेलं की शब्द पण विसरता का काय.

शुद्धलेखनकार
मंगळवेढेकर बरोबर आहेत. पिलाच्या चोचीत घालतात तो चाराच. पण तो घास असतो, साठवून ठेवलेलं धान्य नव्हे. दाणा टाकतात, चारा भरवतात. हा फरक पाळावा.

मंगळवेढेकर
आमच्याकडं कुणी पाळत नाही.

चंद्रभागा
पंढरपूरहून राम कृष्ण हरी. तुमच्या वस्तूचं वर्णन वाचून मी चमकलेच. नळी, तिला दांडी, दांडीवर पोपट! ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात हाच पोपट आहे. पारधी दोरीत नळी ओवून टांगतो. पोपट बसला की त्याच्या भाराने नळी गर्रकन फिरते, तो उलटा होतो आणि पडू या भीतीने नळी घट्ट धरून बसतो. कुणी बांधलेलं नसतं, पाय सोडले तर उडून जाईल, पण आपण अडकलो असं त्यालाच वाटतं. शास्त्रात याला शुकनलिकान्याय म्हणतात. तर ‘शुकनळी’ म्हणा. तीनशे रुपयांच्या पाइपाला सातशे वर्षांचं नाव मिळेल.

अण्णा बाळीवेस
वा माउली. पण ती पकडायची नळी आणि ही खाऊ घालायची. सापळ्याचं नाव पाणपोईला दिल्यासारखं होईल.

परसदार
मला मात्र फार आवडलं. उलटा लटकलेला रोज बघते ना. फक्त भाच्याला न्याय समजावून सांगेपर्यंत खोकी संपतील. आणि छापखानेवाल्याचं कुणीच बोलेना. राघू की पोपट?

चष्मा विसरला
राघू ते पोपट, कीर, रावा, शुक सगळे एकच. फक्त ‘वेडा राघू’ सोडून. विजेच्या तारेवर बसून माश्या पकडतो तो हिरवा, बारीक, शेपटीला काडी असलेला पक्षी. त्याचा पोपटाशी रंगापलीकडे संबंध नाही. त्याला राघू कुणी केलं आणि वर वेडा का ठरवलं, देव जाणे. तारेवरून उडून हवेतल्या हवेत मधमाशी धरतो, परत त्याच जागी येतो, तारेवर आपटून नांगी काढतो. त्याच्याएवढा शहाणा मी पाहिला नाही.

अण्णा बाळीवेस
छापखानेवाल्याच्या म्हणण्यात थोडं तथ्य असावं. माझा तर्क असा: पिंजऱ्यातल्याला आधी काय शिकवायचे? राम राम. रामाचा राघव, राघवाचा राघू. म्हणजे बोलणारा तो राघू. आमच्या घरी कानडी, आई ‘गिणी’ म्हणायची, पण शेजारी तेलुगू कुटुंब होतं, ते म्हणायचे ‘रामचिलुक’. तिथेही राम आलाच की नाही?

शुद्धलेखनकार
आकर्षक आहे, म्हणूनच संशय येतो. ‘रावा’ कुठे बसवणार? राव म्हणजे आवाज. ओरडतो तो रावा. राघू त्याचाच भाऊ असू शकतो, राम मागाहून चिकटला असेल.

अण्णा बाळीवेस
असू शकतो, असेल. तुमचंही अनुमानच.

मुनिया काठ
आमच्या धंद्यातलं सांगते. पैठणीच्या काठावर मुनिया असतात, ठाऊक आहे ना? नाव मुनिया, पाखरू पोपट! हिरव्यागार रेशमात विणलेला. खरी मुनिया चिमणीपेक्षा लहान. मागावर बसणाऱ्याला विचारा, तो म्हणेल मुनियाच. दुकानात मी गिऱ्हाइकाला ‘हे पोपट आहेत’ म्हटलं की ते साडी खाली ठेवतात, ‘मुनिया’ म्हटलं की भाव विचारतात. नावाचं काय घेऊन बसलात.

सात रस्ता
पोपट म्हटल्यावर ठेवणारच. साडी घेऊन पोपट झाला तर?

परसदार
हाच तर माझा मुद्दा होता! खोक्यावर ‘पोपट’ लिहिलं की पोरं हसणार. म्हणून राघू.

कडक भाकरी
पोपटाने काय पाप केलं कळत नाही. पोपट झाला म्हणजे फजिती, पोपटपंची म्हणजे घोकंपट्टी, मिठूमिठू म्हणजे लाडीगोडी. आणि आंबा त्याने टोचलेला हवा, तो गोड असतो म्हणून.

चष्मा विसरला
मिरचीचंही तेच. पिंजऱ्यात मिरची घालतात, तिखट खाऊन जीभ सुटते म्हणे. मिरचीचा जाळ पाखरांना लागतच नाही, आपल्याला लागतो. त्याला ती काकडीसारखी. आणि आपल्याकडचे पोपट पिंजऱ्यात ठेवणं 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा छापखानेवाल्याचा ‘राघू’ आज असूच नये.

मंगळवेढेकर
‘कंठ फुटणे’ विसरलात सगळे. पोपटाच्या नराला तीनेक वर्षांनी गळ्याला काळी-गुलाबी रेघ येते, तो कंठ. त्याला कंठ फुटला म्हणायचे. गावात बोबड्या पोराला उशिरा बोलता आलं तरी तेच. आधी पाखराचा का आधी पोराचा, ते तुम्ही ठरवा.

अण्णा बाळीवेस
हे झकास. रेघही कंठ, गळाही कंठ, आवाजही कंठ. यावर वेगळी चर्चा काढू या.

परसदार
काढा, पण आज रविवार आहे हो. फीडर!

मंगळवेढेकर
ताई, खरं सांगू? आमचे आजोबा खळं झालं की ज्वारीच्या कणसांची एक जुडी ओसरीच्या आढ्याला टांगायचे, चिमण्यांसाठी. ज्यांना वर्षभर गोफण मारली त्यांनाच. संपली की दुसरी. त्या जुडीला नाव नव्हतं. “चिमण्यांची कणसं बांधली का?” एवढंच. वस्तू पिढ्यान् पिढ्या होती आणि शब्द लागला नाही. विकायची नव्हती ना, चिठ्ठी लावायची नव्हती.

शुद्धलेखनकार
तरीही ‘दाणापोई’चा विचार व्हावा.

परसदार
(मंगळवारी) छापून आलं. भाच्याने कुणालाच विचारलं नाही. कारखान्यातली पोरं पहिल्या दिवसापासून त्या वस्तूला ‘पोपट-पाइप’ म्हणत होती म्हणे, तेच घातलं. खाली माझी ओळ आहे. हिरव्या शाईत, ‘राघु आले दारी’.

शुद्धलेखनकार
‘राघु’? घू दीर्घ हवा. शेवटचं अक्षर! किती खोकी?

परसदार
पाचशे.

कडक भाकरी
पोपट झाला.

चष्मा विसरला
चित्र मोठं करून पाहिलं. गळ्याला कंठ काढलेला नाही. म्हणजे मादी आहे, किंवा कोवळा नर.

अण्णा बाळीवेस
मादी असेल तर राघू कशी? राघूची मादी काय म्हणायची? मैना तर निराळंच पाखरू.

सात रस्ता
पोपटी?

शुद्धलेखनकार
तो रंग.

मंगळवेढेकर
नाही, आमच्याकडं पोपटीण म्हणतात की.